कारागृहात बाहेरची नजर हवी

महोदय,

कच्च्या कैदेत असलेल्या मावसभावाच्या मुलाखतीला काही वर्षांपूर्वी मी एका कारागृहात जात असे. एकदा जाळीपलीकडून तो हसत म्हणाला, "दादा, चुन्याचा वास येतोय ना? उद्या साहेब येणार." दुसऱ्या दिवशी म्हणे वरणात डाळ होती. एरवी ती शोधावी लागे.

तपासणी आधी कळवून आणि खात्यातल्याच माणसाने केली की असंच होणार. तुरुंगाच्या नियमांत अशासकीय अभ्यागतांची, म्हणजे तुरुंगाची पाहणी करणाऱ्या सरकारबाहेरच्या नागरिकांची, तरतूद जुनीच आहे. २०१५ साली कोठडीतल्या अत्याचारांबाबतच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या नेमणुकांचा विचार करा, असं राज्यांना बजावलं. त्याच न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तर तुरुंगातला जातिभेद शोधण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागतांच्या मंडळाने मिळून नियमित पाहणी करावी, असा आदेश आहे. कागदाला तोटा नाही.

आपल्याकडे निवृत्त डॉक्टर, वकील, शिक्षिका या कामाला सहज मिळतील. मात्र त्यांना न कळवता आत जाता आलं पाहिजे, शिपाई कानाशी उभा नसताना कैद्याशी बोलता आलं पाहिजे आणि अहवाल लोकांना वाचायला मिळाला पाहिजे. सोलापूरला तुरुंग परका नाही. ज्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो, ते १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले.

आपल्या जिल्ह्याच्या अभ्यागत मंडळावर सध्या कोण आहे आणि ते शेवटचं आत कधी गेलं होतं, एवढं तरी प्रशासनाने जाहीर करावं.

– एक वाचक, सोलापूर