सूचना : मंडळीच्या इतिहासासाठी जुने कागद, फोटो घेऊन या

सर्व बंधू-भगिनींना प्रभूमध्ये सलाम.

येत्या रविवारी भाकर मोडण्याच्या सभेनंतर (प्रभुभोजनाच्या उपासनेनंतर) अर्धा तास थांबावे. प्रार्थनाघराच्या छपराचे काम काढायच्या आधी त्याचा आणि मंडळीचा इतिहास लिहून ठेवायचा आहे.

आपल्यासारख्या ब्रेदरन (ख्रिस्ती प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळ्यांना पगारी पाळक नाही, वर बिशप नाही, मुख्य कचेरीही नाही. आपल्याला त्याचा अभिमान आहे, पण त्यामुळेच आपले दप्तर दुसऱ्या कोणी सांभाळलेले नाही. ब्रेदरन चळवळीच्या आरंभीच्या पुढाऱ्यांपैकी एक, इंग्लंडमधल्या एक्झेटरचे दंतवैद्य अँथनी ग्रोव्हज १८३३ साली भारतात आले, हे पुस्तकात सापडते. आपल्या भिंतीचा पहिला चिरा कोणी वाहिला, ते मात्र तुमच्या आजीलाच ठाऊक असणार.

घरी जुने फोटो, बाप्तिस्म्याची नोंद, वर्गणीची वही, जागेचा उतारा असेल तर आणा. कागद मराठी, कानडी, मोडी कशातलाही चालेल. मूळ कागद कोणी ठेवून घेणार नाही. तिथेच मोबाईलवर फोटो काढून परत देऊ. फोटोमागे नावे पेनाने लिहू नका, शाई पुढे उमटते.

आणखी एक. उतरवलेली कौले फोडू नका. मंगळुरी कौलांच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेचा कारखाना १८६५ चा, त्यानंतर इतर निघाले. शिक्क्यावरून छपराच्या वयाचा थोडाफार अंदाज येतो. गेल्या खेपेची कौले कोणाच्या गोठ्यावर गेली, ते आम्हाला माहीत आहे! दोन-चार तरी परत आणा.

ज्यांना चालवत नाही अशा वडीलधाऱ्यांकडे तरुण मुले घरी येतील. तसे आधी कळवा.

– मंडळीचे वडील