तुमच्या ‘रीफ’ किटला खारं पाणी चालत नाही, हे खोक्यावर छापा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि तांत्रिक विभाग

विषय: खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावर (समुद्री टाकीवर) लावायच्या दिव्याच्या, ३६ एलईडींच्या जुळणी किटमधली सदोष वायरिंग, रात्री आपोआप पूर्ण उजेड लावणारा कंट्रोलर आणि नाकारलेली वॉरंटी.

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार बंद केली. मेलवर आलेला शेरा एका ओळीचा आहे: ‘खाऱ्या पाण्याजवळ वापर केल्याने वॉरंटी लागू नाही.’ किटचं नाव ‘रीफ’, म्हणजे समुद्रातला प्रवाळ-खडक, खोक्यावर प्रवाळाचा फोटो, माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘समुद्री टाकीसाठी खास’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. या शेऱ्यावर मी येणारच आहे, पण आधी बिघाड काय आहे ते लिहिते, कारण तो ऐकून घ्यायची तसदी फोनवर कोणी घेतलेली नाही.

तुमच्या आकृतीप्रमाणे २४ रॉयल ब्लू एलईडींच्या १२-१२ च्या दोन माळा समांतर जोडून १४०० मिलिअ‍ॅम्पच्या एकाच ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडींना ठरावीक करंट पुरवणाऱ्या डबीवर, चालवायच्या आहेत. १२ पांढऱ्या एलईडींना ७०० मिलिअ‍ॅम्पचा वेगळा ड्रायव्हर आहे, तो भाग ठीक. ४८ व्होल्टचा एसएमपीएसही (मुख्य वीजपुरवठा) १२ च्या माळेला पुरतो. निळ्या बाजूला मात्र ना फ्यूज, ना माळेत रेझिस्टर, ना एलईडी व्होल्टेज जुळवून निवडलेले. १४०० भागिले दोन, प्रत्येकी ७००, असा हिशोब दिसतो. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर एकूण करंट कायम ठेवतो; त्यातला किती कुठल्या माळेतून जाणार ते माळा ठरवतात. हे तुमच्या डिझाइनरला ठाऊक नसेल असं मी धरत नाही. ठाऊक असून केलं असेल तर ते जास्त वाईट.

आता आकडे. निळे एलईडी ७०० मिलिअ‍ॅम्पवर एकेक मोजले तर ३.०५ ते ३.३८ व्होल्ट अशी तफावत आहे. तुमच्या पाकिटातल्या क्रमानेच लावल्यावर पहिल्या माळेची बेरीज ३७.२ व्होल्ट आली, दुसरीची ३९.१. दोन्ही माळांत १ ओहम, २ वॉटचा रेझिस्टर घालून त्यावरचा व्होल्टेज मोजला: पहिलीत ०.८६, दुसरीत ०.५४. म्हणजे ८६० आणि ५४० मिलिअ‍ॅम्प. अर्ध्या तासाने, सगळं तापल्यावर, ८८० आणि ५२०. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, मग तोच जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. हे सगळं मोजणीसाठी घातलेल्या रेझिस्टरने थोडा तोल सावरलेला असताना. तुमच्या मूळ जोडणीत तेवढाही आधार नाही.

मग जे व्हायचं ते झालं. पहिल्या माळेतल्या तिसऱ्या एलईडीचा आतला जोड तुटला, ती माळ विझली आणि ड्रायव्हरने इमानेइतबारे सगळेच्या सगळे १४०० मिलिअ‍ॅम्प दुसऱ्या माळेत ढकलले. त्या एलईडींची कमाल मर्यादा तुमच्याच कागदावर १००० लिहिलेली आहे. दुसऱ्या माळेतल्या तीन एलईडींच्या घुमटाखाली तपकिरी डाग आहेत, एक गेलेला आहे. फोटो चार वेळा पाठवले आहेत.

त्या तिसऱ्या एलईडीचा स्टार, म्हणजे एलईडी ज्यावर सोल्डर केलेला असतो ती धातूची चकती, काढून भिंगाखाली पाहिला. मधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पॅडखाली सोल्डर फक्त डाव्या अर्ध्या बाजूला आहे, उजवीकडे तांबं कोरडं. हे सोल्डरिंग तुमच्या कारखान्यातलं आहे. ग्राहकाने फक्त वायरी जोडायच्या असतात. स्टारखाली उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक कितीही मोठा लावा, एलईडी आणि स्टार यांच्यामध्येच पोकळी असेल तर उष्णता तिथेच अडणार. हीटसिंकचं तापमान खोलीत ३३ अंश असताना, १२० मिलिमीटरचा पंखा चालू ठेवून, तीन तासांनी ४६ अंश होतं. तेव्हा ‘ओव्हरहीटिंग’चं कारण कृपया देऊ नका, ते देऊन झालं आहे.

उपाय सांगायची वेळ ग्राहकावर यावी हेच मुळात हास्यास्पद आहे, पण सांगते. एक माळ, एक ड्रायव्हर. १४०० चा एक देण्याऐवजी ७०० चे दोन द्या. डिमिंगची, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची, तार दोघांना एकच चालते, त्यामुळे कंट्रोलरला काही फरक पडत नाही. फ्यूज हा त्याला पर्याय नव्हे. १ अ‍ॅम्पचा फ्यूज १.४ अ‍ॅम्पवर लगेच उडत नाही, कितीतरी वेळ तग धरतो, आणि तेवढ्यात एलईडी भाजून निघतात. दोन ड्रायव्हर परवडत नसतील तर किमान प्रत्येक माळेत रेझिस्टर द्या आणि एलईडी व्होल्टेजप्रमाणे निवडून पाकिटं भरा.

आता तो फोन. सुरुवातीला तुमच्याच यंत्राने सांगितलं की कॉल रेकॉर्ड होतो. तो काढून ऐका. तांत्रिक विभागाचे म्हणून जोडून दिलेले गृहस्थ माझे फोटो समोर ठेवून बोलत होते.

“मॅडम, टाकीच्या कडेला पांढरं काय दिसतंय?”

“मीठ.”

“मीठ? टाकीत मीठ कोणी घातलं?”

“मी. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. घनता १.०२५.”

क्षणभर शांतता. मग, चोर सापडल्याच्या आनंदात: “मग प्रॉब्लेम तिथेच आहे ना, मॅडम. हे इलेक्ट्रॉनिक प्रॉडक्ट आहे. मिठाचं पाणी त्याला चालत नाही.”

“किटच्या खोक्यावर ‘रीफ’ लिहिलंय.”

“ते मॉडेलचं नाव आहे, मॅडम.”

मॉडेलचं नाव! मी समजावलं की दिवा टाकीच्या वर आहे, तुमच्या कागदात सांगितलेल्या १५ सेंटिमीटरऐवजी २५ वर. खाली ४ मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक आहे, जे तुमच्या किटमध्ये नव्हतंच. पांढरा थर आहे तो टाकीच्या काचेच्या काठावर. स्टारवर, वायरींवर, ड्रायव्हरवर कणभर मीठ नाही. त्यावर उत्तर आलं, “एक काम करा, पंधरा दिवस साध्या पाण्यात वापरून बघा. नीट चाललं तर मीठच कारण आहे, हे सिद्ध होईल.”

म्हणजे क्लाउनफिश मासे आणि झोअँथिड, मशरूम, लेदर कोरल असे प्रवाळवर्गी प्राणी असलेल्या टाकीत पंधरा दिवस नळाचं पाणी. हा सल्ला मला तुमच्या लेटरहेडवर हवा आहे. गोड्या पाण्यात मशरूम आणि झोअँथिडच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. पंधरा दिवसांनी तुमचा दिवा उजळवायला टाकीत काही उरलेलं नसेल. हे सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, सर घरी आहेत का? त्यांना समजावून सांगतो.”

मी फोन ठेवला. त्यानंतर वीस मिनिटांत तक्रार बंद झाल्याचा मेल आला. तुमच्याकडे एवढं एकच काम वेळेवर होतं.

कंट्रोलरची तक्रार वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर, कारण एलईडी बदलता येतात. तुमच्या ड्रायव्हरच्या डिमिंग पिनला काहीच जोडलेलं नसेल तर तो पूर्ण ताकदीने चालतो. कंट्रोलर सुरू होताना आठेक सेकंद त्याच्या पिना तरंगत्या, म्हणजे कशालाच न जोडल्यासारख्या, असतात. म्हणजे वीज जाऊन आली की दिवा आधी १०० टक्के पेटतो. पुढचं आणखी छान. घड्याळाच्या चिपशेजारी सीआर २०३२ बॅटरीचा होल्डर आहे आणि तो रिकामा आहे. कागदावर बॅटरीचा उल्लेखही नाही. त्यामुळे वीज आली की घड्याळ १२:०० वर येतं, कंट्रोलरला वाटतं भर दुपार झाली, आणि तो कारखान्यातल्या मूळ प्रोग्रॅमप्रमाणे दोन्ही चॅनल (निळा आणि पांढरा) १०० टक्क्यांवर नेतो. बाहेर रात्रीचे अडीच वाजलेले असले तरी. महाराष्ट्रात वीज जात नाही असं गृहीत धरून तुम्ही हे बनवलं असेल तर तुमच्या आशावादाचं कौतुक आहे.

टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. दिवा ३५ टक्क्यांवर ठेवून आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही, असं तुमच्याच कागदात लिहिलंय आणि ते बरोबर आहे. ३५ टक्क्यांवर क्वांटम मीटरने खडकाच्या माथ्यावर ‘पीएआर’ (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) ११० मिळत होता, तळाच्या मशरूमपाशी ५०. घड्याळ फसल्यावर तेच ३१० आणि १४०. मशरूमला ५० पुरतात. एका रात्रीत तिपटीवर गेल्यावर ऊतींतल्या झूझँथेली शैवालाचं प्रकाशसंश्लेषण कोलमडतं, घातक ऑक्सिजन संयुगं साचतात, आणि प्राणी ते शैवालच बाहेर टाकतो. पांढरं पडणं म्हणतात ते हेच. मशरूम आक्रसून पांढरट झाले, झोअँथिडची वरची वसाहत उघडेना आणि मग सडली. सडके झोअँथिड काढताना हातमोजे आणि चष्मा लागतो, कारण त्यांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हा इशाराही तुमच्या त्या गृहस्थांना कळवा, म्हणजे ते ‘सरांना’ सांगतील.

यावर तुमच्या तांत्रिक विभागाचा मेल: ‘मोबाइलमधल्या लक्स अ‍ॅपने उजेड मोजून कळवा.’ लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात. ४५० नॅनोमीटरचा निळा त्यात जवळपास गणतीतच येत नाही. निळे एलईडी विकणाऱ्या कंपनीने हे लिहावं, म्हणजे कमाल झाली.

दुरुस्ती? डिमिंग पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. लावून पाहिला, कंट्रोलर बंद असताना पिनवर ०.४ व्होल्ट राहतात आणि ड्रायव्हर बंद राहतो. होल्डरमध्ये एक बॅटरी. दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आत. ‘कुरिअरमध्ये बॅटरी चालत नाही’ असं उत्तर मिळालं होतं. नसेल चालत, पण ‘बॅटरी विकत घेऊन बसवा, मगच टाकीवर लावा’ असं छापायला कुरिअरची हरकत नसावी.

किरकोळ बाबी: स्टार बसवायला एम३ चे लोखंडी स्क्रू दिलेत, खाली नायलॉनचे वॉशर नाहीत. स्क्रूचं डोकं सोल्डर पॅडला टेकलं की माळ थेट हीटसिंकला लागते. इथे प्रत्येक स्टार आणि हीटसिंक यांच्यामध्ये मल्टिमीटरने तपासणी झाली आहे, कुठेही जोड नाही. तेव्हा ‘तुम्ही शॉर्ट केलं’ हेही चालणार नाही. आणि ड्रायव्हरवर आयएस १५८८५ या भारतीय सुरक्षा मानकाची नोंदणी खूण का नाही, तेही सांगा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. निळ्या एलईडींचा रंग खरा आहे. झोअँथिडची हिरवी झळाळी या किटखाली जशी दिसली तशी तयार, दुप्पट किमतीच्या दिव्यांखाली दिसत नाही. म्हणूनच चीड येते. चांगला एलईडी निवडणारा माणूस तुमच्याकडे आहे, मग पुढचं सगळं कोणाच्या हाती दिलंत?

जाता जाता, माहितीपत्रकातला तो अ‍ॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाचा मोठा फोटो आणि ‘आपल्या समुद्रातल्या प्रवाळांसाठीही उत्तम’ हे वाक्य. भारतात सगळे कठीण प्रवाळ, म्हणजे अख्खा स्क्लेरॅक्टिनिया गण, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ जिथे आहे तिथे. ते वाक्य कोणाच्या नजरेला पडायच्या आत काढून टाका, हा फुकटचा सल्ला.

मला हवं ते असं. निळ्या बाजूसाठी ७०० मिलिअ‍ॅम्पचे दोन ड्रायव्हर, व्होल्टेज जुळवलेले २४ नवे एलईडी आणि ‘खारं पाणी’ हा शेरा मागे घेतल्याचं लेखी पत्र. नाहीतर किटची पूर्ण रक्कम परत. शिवाय ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांना समांतर माळा आणि रिकामा बॅटरी होल्डर यांबद्दल सूचना पाठवा. त्यांच्यातल्या निम्म्यांना अजून वाटत असेल की चूक आपल्याच जोडणीत आहे.

मुदत पंधरा दिवस. त्यानंतर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम ८४ तुमच्या विधी विभागाला वाचायला द्या. वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणारा उत्पादकही त्यात जबाबदार धरला जातो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळे मला घाई नाही. समुद्री टाकीसाठी विकलेला दिवा समुद्री टाकीवर लावला म्हणून वॉरंटी नाकारली, हे आयोगापुढे तुमच्या वकिलांनी कसं मांडलं ते मला ऐकायचंच आहे.

तुमची ग्राहक,
ठाणे

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही माळांच्या मोजणीचे फोटो, तिसऱ्या एलईडीच्या स्टारचा भिंगातून काढलेला फोटो, रिकाम्या बॅटरी होल्डरचा फोटो, तक्रार बंद केल्याचा मेल.