ऑस्करचा सीझन येतोय, इंदूरलाही शो लावा!

संपादक महोदय,

गणपतीच्या आसपासचे दिवस आले की मला सिनेमाचेही वेध लागतात. ऑगस्ट संपता संपता व्हेनिसचा फिल्म फेस्टिव्हल, मग लगेच टोरांटोचा, आणि त्याच सुमारास आपल्याकडून ऑस्करला कोण जाणार त्याची घोषणा. २००४ ला ‘श्वास’ निवडला गेला, २००९ ला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, २०१५ ला ‘कोर्ट’. यंदाही एखादं मराठी नाव येईल अशी मला मनापासून आशा आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालं, तोही मराठी सिनेमा आणि विषय शास्त्रीय गाण्याचा, म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या या गावात तो मोठ्या पडद्यावर बघायची मजा काही वेगळीच असती, पण आम्ही बघितला मोबाईलवर, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, तानपुरा नीट ऐकूसुद्धा आला नाही.

इथे असे सिनेमे लागतात तेव्हा एकच शो, तोही वर्किंग डेला सकाळी अकराचा, नोकरी करणाऱ्याने जायचं कसं? मग हॉल रिकामा म्हणून शुक्रवारी उतरवतात. अहो, मराठी नाटकाला इथे आजही लोक सहकुटुंब येतात, तर सिनेमाला का नाही येणार? थिएटरवाल्यांनी दिवाळीनंतर निदान शनिवार-रविवार संध्याकाळचा एक शो द्यावा आणि आठवडाभर आधी पेपरात कळवावं, आमच्या कॉलनीतली मंडळी जमवायची जबाबदारी माझी.

– एक सिनेमाप्रेमी वाचक, इंदूर