नऊ नंबरचा खेळाडू आणायचा कुठून?

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ चा आशिया चषक पात्रतेचा भारत-सिंगापूर फुटबॉल सामना पाहायला मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने मडगाव गाठलं. सोबत भाचा आणि भडंगाचा डबा. आपल्या छांगतेने लांबून असा काही गोल ठोकला, की भाच्याने डबाच उधळला. (भडंग पुढच्या रांगेतल्या गोवेकरांच्या डोक्यावर. बिचारे हसले.) मध्यंतर तोंडावर असताना बरोबरीचा गोल खाल्ला, नंतर दुसरा. १-२! आशिया चषकाचं दार तिथेच बंद.

हरल्याचं एवढं नाही हो. पण त्याआधी मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, जूनमध्ये हाँगकाँगविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टी देऊन पराभव, आणि पुढे नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाकडूनच हार! निवृत्त झालेल्या स्ट्रायकर सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं. क्लबांच्या आघाडीवर, म्हणजे गोल मारणाऱ्या नऊ नंबरच्या जागी, बहुतेक परदेशी स्ट्रायकर. मग आपल्या पोरांनी गोल मारायला शिकायचं कुठे, सरावात?

परतीच्या गाडीत भाचा गप्पच होता. आता तो पुन्हा क्रिकेटची बॅट मागतोय. मी अजून घेऊन दिलेली नाही.

– एक फुटबॉलप्रेमी, विश्रामबाग, सांगली