गाणं सुचवा, पण पूर्ण पत्त्यासह

मा. संपादक,

गणपती तोंडावर आले की आपल्या पुरवणीत वाचकांच्या आवडत्या गाण्यांच्या याद्या येतात. उपक्रम चांगला आहे, पण यादीत नुसती नावं असतात. ती मोबाईलवर शोधावीत तर आधी रिमिक्स हाती लागतं, नाहीतर कुठल्याशा स्पर्धेतली नक्कल. म्हणून नावापुढे गायक आणि संगीतकार हवेतच. नाटक किंवा चित्रपट असेल तर तोही हवा.

‘घेई छंद मकरंद’ एवढंच लिहून भागत नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकासाठी जितेंद्र अभिषेकींनी हे पद दोन निराळ्या चालींत बांधलं, कारण दोन गायकींचा झगडा हाच नाटकाचा विषय. वसंतराव देशपांड्यांची चाल डोक्यात असलेल्याला दुसरी लागली तर तो ‘हे ते नव्हे’ म्हणून बंद करतो. दोन्ही पाठोपाठ सुचवाव्यात. नाट्यसंगीतात नवख्या माणसाला मैफलीतलं लांबलेलं पद मात्र आधी देऊ नये. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांत फापटपसारा नाही. सुरुवात तिथून करावी. खरखरीची कानाला सवय होते.

भावगीतांत आपल्या वेंगुर्ल्याच्या मंगेश पाडगावकरांचं ‘श्रावणात घननिळा बरसला’ (श्रीनिवास खळे, लता मंगेशकर) आणि आरती प्रभूंचं ‘ये रे घना’ (हृदयनाथ मंगेशकर, आशा भोसले) ही जोडी सुचवतो. दोन्ही पावसाची, पण एकात उत्सव आहे तर दुसऱ्यात धास्ती. लावणी हवी तर सुलोचना चव्हाण यांचं ‘कळीदार कपूरी पान’. चालही खळ्यांचीच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

‘वादळ वारं सुटलं गो’ आणि ‘मी डोलकर’ यांच्यापुढे ‘पारंपरिक कोळीगीत’ असं छापू नये. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथांचं. गाणी अव्वलच आहेत, पण ती स्टुडिओत घडलेली. होडीवरचं किंवा हळदीतलं गाणं वेगळं असतं आणि यादीत त्याला वेगळी जागा हवी.

खरी पंचाईत होते ती जाखडी (शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्यात रंगणारा कोकणातला नाच-गाण्याचा सामना) आणि डबलबारी (दोन बुवांचा सामना) भजनाची. यातलं एकच गाणं सुचवणं म्हणजे निम्मं भांडण ऐकवण्यासारखं आहे. शक्तीवाल्याने टाकलेला सवाल तुरेवाल्याच्या जबाबाशिवाय लंगडा. डबलबारीतही एका बुवाने मारलेला टोला समोरच्याने कसा परतवला यातच गंमत. मोबाईलवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या तुकड्यात बहुधा गजराचा शेवटच असतो, लय टिपेला पोचलेली. तिथवर लय कशी चढवत नेली हे त्यात कळत नाही, आणि नवखा माणूस ‘भजन म्हणजे गोंगाट’ असं ठरवून मोकळा होतो. म्हणून दोन्ही बुवांची निदान एकेक फेरी सलग असलेलं रेकॉर्डिंग सुचवावं, आधी अभंग आणि मग गजर या क्रमाने.

कशावर ऐकावं हेही लिहायला हवं. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात ती खर्जासाठी. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून नेमका तोच खर्ज गळतो आणि उरते ती झांज. आवाज वाढवला तर झांजच वाढते. साधा वायरचा हेडफोन किंवा घरातला मोठा स्पीकर घेतला की पखवाज जागेवर येतो. दशावतारी नाटकात पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम), मृदंग आणि झांज एकाच कोपऱ्यात बसतात. रेकॉर्डिंग करणारा झांजवाल्याशेजारी उभा राहिला तर पात्राचं पद बुडालंच म्हणून समजा. प्रेक्षकांत, मध्यावर, पाच-सहा हात मागे सरकून उभं राहावं. सुचवण्याआधी पहिली पाच मिनिटं स्वतः ऐकून शब्द कळतात का ते पाहावं. कळत नसतील तर तेच पद दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून शोधावं.

यंदाच्या पुरवणीत प्रत्येक गाण्यासाठी आणखी दोन ओळी जागा वाढवता आली तर पाहावं. जागा नसेल तर वीस गाण्यांऐवजी आठच छापा.

आपला,
एक भजनप्रेमी वाचक, कणकवली