आमच्या भद्रेश्वर दीक्षितांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपल्या ‘संगीत शारदा’च्या प्रयोगावर जे छापून आलं, त्यात माझ्या पदांचं भरभरून कौतुक होतं आणि तुमच्यासाठी ‘इतरांची साथ चांगली’ एवढंच. ते मला फार लागलं. माझी शारदा उभी राहिली ती तुमच्या भद्रेश्वर दीक्षितामुळे. हे चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे जाहीर पत्र.

लग्नं जुळवून दलाली खाणारा भद्रेश्वर म्हटला की पुष्कळ नट त्याला पहिल्याच एन्ट्रीला लबाड करून टाकतात. डोळे बारीक करायचे, हात चोळायचे, हशा वसूल! तुम्ही तालमीत मला म्हणालात, “अगं, आपण काही वाईट करतोय हे त्याच्या गावीही नाही.” खरंच आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ सालचं आणि बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ सालचा. भद्रेश्वराच्या लेखी हा उजळ माथ्याने करायचा व्यवसाय. तुम्ही तो तसाच केलात, नम्र, गोडबोल्या, हिशेबाला पक्का. शारदेसाठी ठरवलेल्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, भुजंगनाथाच्या वयाचा विषय निघाला की लगेच उत्तर न देता तुम्ही उपरणं सारखं करायचात. त्या थांबण्यावर सभागृह हसायचं, आणि हसता हसता लोकांच्या ध्यानात यायचं की इथे एका पोरीचा सौदा चाललाय. माझा प्रवेश सुरू होईपर्यंत माझं निम्मं काम झालेलं असायचं. एवढा हशा हातात असताना तुम्ही पदरचं एकही वाक्य घातलं नाहीत.

‘एकच प्याला’मधला तुमचा तळीरामही मी पाहिलाय. सुधाकराला पहिला प्याला देताना तुमच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, मित्राची काळजी होती. तो प्रवेश आठवला की आजही अंगावर काटा येतो. आणि ‘संशयकल्लोळ’मधल्या भादव्या नोकरात तर तुम्ही ओळखूच आला नाहीत! आवाज तोच, फक्त चाल बदललेली. भादव्याचा मालक फाल्गुनराव बोलत असताना माझी नजर तुमच्याकडे जायची, कारण तुम्ही त्याचं खरोखर ऐकत होतात. रंगमंचावर ऐकणारा नट फार कमी दिसतो, काका.

आमच्यातली बरीच मुलं हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. ‘ळ’ निसटायचा, देवलांची वाक्यं जिभेवर बसायची नाहीत. लोकमान्यनगरात तालीम संपली तरी तुम्ही एकेकाला घेऊन बसायचात, वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा ते दाखवायला. या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने आपल्या इंदुरातच केला, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

पावसाळ्यानंतर आम्ही ‘संशयकल्लोळ’ बसवतोय. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाला नायक अश्विनशेठ देऊ केला होता, गळा चांगला आहे त्याचा. त्याने भादव्या मागून घेतला. तुमचा भद्रेश्वर त्याने विंगेतून रोज पाहिला होता. पहिल्या वाचनाला याल ना? त्याच्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी ठेवतोय.

आपली नम्र,
तुमच्यासोबत शारदा केलेली, इंदूर