विज्ञानपट आणि बजेटचं रडगाणं

महोदय,

मराठीत विज्ञानपट का होत नाहीत, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. एवढं लिहून शेवटी कारण काय, तर बजेट नाही. माझी उभी नोकरी वीज खात्याच्या लेखा विभागात गेली. 'निधी उपलब्ध नाही' या शेऱ्यामागे बरेचदा वेगळंच काही असतं, हे मी चांगलं ओळखून आहे.

हिशेबच मांडायचा तर 'प्रायमर' घ्या. शेन कारुथने २००४ साली हा कालप्रवासाचा सिनेमा सुमारे सात हजार डॉलरमध्ये केला. लेखक, दिग्दर्शक, नट, संकलक, संगीतकार सगळं तोच, आणि कालयंत्र बनतं गॅरेजमध्ये. सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. माझ्या भाच्याने कागदावर रेघोट्या मारून समजावलं, तरी उत्तरार्ध माझ्या डोक्यावरून गेला. पण पैसा कमी पडलाय असं कुठेही जाणवलं नाही.

क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा, आणि जवळजवळ सगळा स्थिरचित्रांचा. एकदाच, झोपलेली बाई डोळे उघडते तेवढ्यापुरतं, चित्र हलतं आणि अंगावर काटा येतो. त्यावरून हॉलिवूडने १९९५ मध्ये ब्रूस विलिसला घेऊन 'ट्वेल्व्ह मंकीज' काढला. तोही बरा आहे. जॉन कार्पेंटरच्या 'डार्क स्टार'मधला परग्रहवासी तर चक्क पाय लावलेला बीचबॉल आहे. हसू येतं, येऊ द्यावं.

तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' (१९७९) मात्र माझा खास. तीन माणसं, ओलं गवत, रुळांवरून खडखडत जाणारी ट्रॉली. ती ज्या गूढ, निषिद्ध 'झोन'मध्ये शिरतात, तो पडद्यावर दिसतो तो म्हणजे एस्टोनियातल्या ओसाड जलविद्युत केंद्रांचा परिसर. आमच्या खात्याची अशी पडीक आवारं मी कितीतरी पाहिली, तिथे कॅमेरा न्यावा असं कुणाला सुचलं नाही. सिनेमा लांब आहे, घरच्यांना झोप लागते, हे मान्य.

पण मराठीवाल्यांनी पाहावाच असा सिनेमा 'द मॅन फ्रॉम अर्थ' (२००७). गाव सोडून निघालेला एक प्राध्यापक सहकाऱ्यांना सांगतो, मी चौदा हजार वर्षं जिवंत आहे. मग शेकोटीपाशी बसून नुसती बोलणी. कुणी उलटतपासणी घेतं, कुणी चिडतं, एकीच्या श्रद्धेलाच धक्का बसतो. जेरोम बिक्स्बी यांनी ही पटकथा अगदी शेवटच्या आजारपणात पुरी केली. सिनेमा लोकांनी इंटरनेटवरून फुकट उतरवून एकमेकांना दिला, आणि त्यामुळे नाव झालं म्हणून निर्मात्याने त्यांचे चक्क जाहीर आभार मानले! आता मला सांगा, एक दिवाणखाना, एक सोफा आणि सात-आठ बोलकी माणसं यावर आपण किती वर्षं नाटकं उभी केली? पुरुषोत्तम करंडकात दरवर्षी पोरं चार ठोकळ्यांवर जग उभं करतात. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत इथे पिढ्या वाढल्या. नट आहेत, प्रेक्षक आहेत. अडतं ते लेखकापाशी. त्याला वर्षभर घरी बसून लिहायला पैसे द्यायची निर्मात्यांची तयारी नसते. बजेटमध्ये तो रकाना आधी उघडा, यानाचं नंतर बघू.

जाता जाता, लेखात 'स्टार वॉर्स'ला विज्ञानपटांचा मेरुमणी म्हटलंय. राजकन्येची सुटका, तलवारबाजी, गुरूची दीक्षा आणि शत्रूच बाप निघणं, हा सगळा पौराणिक मसाला आहे. मला तो आवडतो, पण त्यात विज्ञान कुठलं ते लेखकमहाशयांनी पुढच्या रविवारी सांगावं.

आपली,
एक निवृत्त लेखापाल, सांगली